रोज एक मिलिमीटर

आपल्या मायमराठीचा मला अभिमान आहे. तरीही एका शब्दाबाबत तिच्याकडे माझी तक्रार आहे. तो शब्द म्हणजे ‘नस’. रक्त वाहून नेते ती नस, बोट वाकविणारी पांढरी दोरी तीही नस, आणि मेंदूचा निरोप बोटापर्यंत पोहोचविणारा तंतू तीसुद्धा नसच! कंबर दुखली की ‘नस दबली’, मान धरली की ‘नस आखडली’, आणि हात कापला की ‘नस कापली’. आम्ही साहित्याचे विद्यार्थी तर कादंबरीवर लिहितानाही समाजाची ‘दुखरी नस’ शोधत असतो. परंतु ‘कोणती नस?’ हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. हा प्रश्न न विचारल्यामुळे माणसाचा हात कसा कायमचा अधू होऊ शकतो, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

वास्तविक हा विषय शास्त्र शाखेच्या एखाद्या मित्राने हाताळावा असा आहे. मी मराठी घेऊन बी. ए. करणारी विद्यार्थिनी, शरीरशास्त्राशी माझा संबंध शाळेतच संपला. पण संकट काही शाखा पाहून येत नाही. माझा चुलतभाऊ, आम्ही सारे त्याला दादा म्हणतो, काचा बसविण्याच्या दुकानात कामाला होता. खिडकीची काच बसविताना ती फुटली आणि मनगटाच्या आतल्या बाजूला खोल जखम झाली. जवळच्या रुग्णालयात रक्त थांबविले, टाके घातले आणि सांगितले, “नस कापली होती, बांधली आहे.” दहा दिवसांनी टाके निघाले. काकूने देवापुढे नारळ फोडला.

करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट मात्र बधिरच राहिले. “येईल हळूहळू,” असे जो तो म्हणे. हळूहळू दोन्ही बोटे पंजासारखी आत वळू लागली, अंगठ्याजवळचे मांस बसले, हाताची पकड गेली. तीन महिन्यांनी मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी पाहिले तेव्हा उलगडा झाला. बांधलेली ‘नस’ ही रक्तवाहिनी होती. तिच्या शेजारून जाणारा मज्जातंतूही तुटला होता, आणि त्याला कोणी हातच लावलेला नव्हता! पहिल्या डॉक्टरांनी सांगितले ते खोटे नव्हते. आम्ही ऐकले तेही खोटे नव्हते. एका शब्दाच्या पोटात दोन वस्तू होत्या, आणि त्या दोहोंच्या मध्ये दादाचा हात सापडला.

मज्जातंतू म्हणजे काय, हे मला तेव्हा प्रथम समजून घ्यावे लागले. टेलिफोनच्या जाड केबलमध्ये जशा असंख्य बारीक तारा असतात, तसे या तंतूच्या आवरणात हजारो सूक्ष्म धागे असतात. काही धागे स्नायूंकडे हुकूम नेतात, काही त्वचेकडून खबर आणतात. १८५० साली ऑगस्टस वॉलर या इंग्रज वैद्याने बेडकाच्या जिभेतील मज्जातंतू तोडून पाहिले. तुटलेल्या जागेच्या पलीकडचा भाग, म्हणजे मज्जापेशीपासून अलग झालेला धागा, मरून विरघळत जातो असे त्याला आढळले. मात्र निसर्ग तेथेच हात टेकत नाही. धागा मेला तरी त्याच्याभोवतीच्या पेशी शिल्लक राहतात. त्या ओळीने उभ्या राहून नव्या धाग्यासाठी वाट तयार करतात. मग अलीकडच्या टोकातून कोंब फुटतात आणि त्या वाटेने पुढे सरकतात. मेंदू आणि पाठीचा कणा यांतील तंतूंना हे साधत नाही. हातापायांतील तंतूंना साधते. ही केवढी मोठी देणगी!

परंतु दोन टोके समोरासमोर असतील तरच ही देणगी पदरात पडते. ती दूर गेलेली असतील तर कोंब भरकटतात आणि त्यांची एक दुखरी गाठ होऊन बसते. टोके जुळवून देणे एवढेच शस्त्रवैद्याच्या हाती असते. सूक्ष्मदर्शकाखाली, केसापेक्षाही बारीक धाग्याने तो बाहेरचे आवरण शिवतो. आतले धागे कोणालाच शिवता येत नाहीत, ते ज्याचे त्यानेच वाढायचे असतात. शिवण ताणलेली असून चालत नाही. अंतर पडले असेल तर टोके ओढून आणण्यापेक्षा मध्ये दुसऱ्या तंतूचा तुकडा घालावा, हा विचार व्हिएन्नाच्या हॅन्नो मिलेसी यांनी १९७०च्या दशकात शस्त्रवैद्यांच्या गळी उतरविला. दादाच्या बाबतीत तीन महिन्यांत टोके आक्रसली होती, त्यांवर वण धरला होता. ती छाटावी लागली आणि पोटरीमागून काढलेला तंतूचा तुकडा मध्ये जोडावा लागला. त्याची किंमत म्हणून पावलाची बाहेरची कड बधिर झाली. पहिल्या काही दिवसांत हे काम झाले असते, तर कदाचित सरळ शिवण्यावर भागले असते.

आता गतीचा हिशेब ऐका. हे कोंब साधारणपणे दिवसाला एक मिलिमीटर वाढतात. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत अंतर सुमारे अठरा सेंटिमीटर; म्हणजे सहा महिने, शिवाय सुरुवातीचे काही आठवडे वेगळेच. जखम खांद्यापाशी असेल तर तळहात गाठायला दोन वर्षेही लागतील. इकडे निरोपाविना पडून राहिलेला स्नायू वाळत असतो, आणि वर्ष-दीड वर्षानंतर तंतू दारात येऊन पोहोचला तरी घरात कोणी उरलेले नसते. म्हणूनच हल्ली दुखापत फार वर असेल तर जवळच्या चांगल्या तंतूतील एखादी शाखा उसनी घेऊन ती थेट स्नायूजवळ जोडतात. बरगड्यांमधील श्वासाचे तंतू दंडाच्या स्नायूला जोडले, तर प्रथम रोग्याने दीर्घ श्वास घेतला की कोपर वाकते! पुढे मेंदू हा नवा धडा शिकतो आणि श्वासाविनाही हात वाकू लागतो.

या साऱ्यात मला सर्वांत जवळची वाटली ती एका मैत्रीची हकीकत. २५ एप्रिल १९०३ रोजी लंडनच्या हेन्री हेड या डॉक्टराने आपल्याच डाव्या हाताचे त्वचेकडे जाणारे मज्जातंतू दुसऱ्या शस्त्रवैद्याकडून मुद्दाम तोडवून घेतले आणि लगेच शिवून घेतले. रोग्यांना जाणिवेबद्दल नीट सांगता येत नाही, तेव्हा आपणच रोगी व्हावे, असा त्याचा विचार. त्यानंतर १९०७ पर्यंत तो पुनःपुन्हा केंब्रिजला जाई. तेथे सेंट जॉन्स कॉलेजातील आपल्या खोलीत विल्यम रिव्हर्स हा मित्र त्याला डोळे मिटून बसवी आणि हातावर कापूस, टाचणी, थंड व गरम नळ्या टेकवून प्रत्येक उत्तर लिहून घेई. प्रथम परतली ती ओबडधोबड जाणीव: टोचले तर कळ भलतीच तीव्र, पण नेमके कोठे टोचले ते कळेना. कापसाचा हळुवार स्पर्श फार उशिरा आला. त्यांनी त्यावर उभारलेला सिद्धान्त पुढे टिकला नाही. पण त्यांची निरीक्षणे आजही वाचली जातात.

हे रिव्हर्स कोण? नीलगिरीतील तोडा लोकांमध्ये राहून १९०६ साली त्यांच्यावर ग्रंथ लिहिणारे, आणि पहिल्या महायुद्धात मन दुभंगलेल्या सैनिकांवर उपचार करणारे. १९१७ साली सिगफ्रिड ससून हा कवी त्यांच्याच देखरेखीखाली होता. म्हणजे हा माणूस आम्हा कला शाखेवाल्यांनाही परका नाही. त्याची खरी विद्या एकच होती, असे मला वाटते: समोरच्याला “आता काय वाटते?” असे विचारणे आणि उत्तर येईपर्यंत थांबणे.

हेडला दोन गोष्टी मिळाल्या. तंतू तुटताच तो शिवला गेला, आणि पुढे चार वर्षे त्याची विचारपूस करणारे कोणीतरी होते. आमच्या कारागिराला, उसतोडणी कामगाराला, कडबाकुट्टीत हात गेलेल्या शेतकऱ्याला, संक्रांतीत नायलॉनच्या मांजाने कापलेल्या मुलाला यांपैकी काय मिळते? (तो मांजा २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादाने देशभर बंद केला, कापणे काही बंद झाले नाही.) माझे स्पष्ट मत असे की, आपण टाक्यांना उपचाराचा शेवट समजतो. मज्जातंतूच्या बाबतीत तो उपचाराचा आरंभ असतो. शस्त्रक्रियेसाठी नातलग धावून येतात, पैसे उभे राहतात. त्यानंतरच्या वर्षासाठी मात्र काहीच उभे राहत नाही. व्यायामासाठी तालुक्याहून शहरात जायचे तर एसटीचे भाडे आणि बुडालेला रोज, दोन्ही रोग्याच्याच माथी. वर “ऑपरेशन होऊनही हात चालत नाही” असा शेरा! दादाने दोन वेळा व्यायाम सोडून दिला तो आळसाने नव्हे, घरखर्चाच्या काळजीने.

कोणी म्हणेल, अपघात विभागात वाहणारे रक्त थांबवायचे की तंतू तपासत बसायचे? रक्त आधी थांबलेच पाहिजे, यात वाद नाही. पण रक्त थांबल्यावर आणि बधिर करण्याची सुई टोचण्यापूर्वी दोन मिनिटे पुरतात. तर्जनीचे टोक आणि करंगळीचे टोक यांना स्पर्श कळतो का? बोटे एकमेकांपासून फाकविता येतात का? अंगठा तळहातापासून वर उचलता येतो का? मनगट वर उचलता येते का? एवढे विचारून कागदावर लिहिले, तर तंतू तुटल्याची शंका त्याच दिवशी येईल आणि रोग्याला वेळेत योग्य ठिकाणी धाडता येईल. यासाठी यंत्र लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मोठ्या माणसाचा तुटलेला तंतू पूर्वीसारखा सहसा होत नाही. मग एवढा खटाटोप कशासाठी? याचे उत्तर वेल्लोरच्या पॉल ब्रँड यांच्या कामात आहे. कुष्ठरोग्यांची बोटे रोगाने आपोआप झडत नाहीत. मज्जातंतू बधिर झाल्यामुळे चटका आणि जखम कळत नाही, आणि त्या दुर्लक्षित जखमांनी बोटे जातात, हे त्यांनी दाखवून दिले. म्हणजे कापसाचा स्पर्श नाही आला तरी चालेल, तव्याचा चटका कळला तरी हात वाचतो! अर्धामुर्धा परतलेला तंतूसुद्धा असा राखणदार असतो.

आणि मेंदूला शिकवायला प्रयोगशाळाही लागत नाही. परतलेली जाणीव मेंदूला अनोळखी वाटते. ती ओळखीची करून द्यावी लागते. शहरातल्या व्यायामतज्ज्ञ बाईंनी सांगितल्याप्रमाणे मी दादाला डोळे मिटायला सांगते आणि त्याच्या बोटांखाली कधी ज्वारी, कधी तांदूळ, कधी हरभरा ठेवते. आज दीड वर्ष झाले. हरभरा तो ओळखतो. ज्वारी आणि तांदूळ यांत अजून गफलत होते. बोटे पुष्कळ सरळ झाली आहेत. जड काच उचलण्याइतकी पकड आलेली नाही, कदाचित येणारही नाही. दुकानात आता तो मापे घेण्याचे काम करतो.

मित्रहो, आपल्यापैकी बहुतेकजण डॉक्टर होणार नाहीत. कोणी शिक्षक होतील, कोणी ग्रामसेवक, कोणी पत्रकार, कोणी कारखान्याच्या कचेरीत बसतील. शाळेत तीनही ‘नसां’ची नावे वेगळी शिकविणे शिक्षकाच्या हाती आहे. हाताला दुखापत झालेल्या कामगाराला वर्षभर हलके काम देणे कचेरीतल्या माणसाच्या हाती आहे. तालुक्याच्या रुग्णालयात व्यायामतज्ज्ञाची जागा का रिकामी आहे, हे विचारणे पत्रकाराच्या हाती आहे. आणि उद्या घरात कोणाचा हात कापला, तर “डॉक्टरसाहेब, नेमकी कोणती नस? रक्ताची, दोरीची की जाणिवेची?” एवढे विचारणे तर आपणा सर्वांच्याच हाती आहे. तंतू आपल्या गतीने वाढतो. त्याला घाई करता येत नाही. त्याचे पहिले तीन महिने वाया न घालविणे मात्र आपल्याला करता येते.