खुडूक कोंबडी, पिसवा आणि पिलांची घाई

माळेगाव बुद्रुक व आसपासच्या वाड्यांवर ज्यांचा ऊस नीरेच्या डाव्या कालव्यावर वाढतो, त्यांपैकी पुष्कळांच्या परड्यात दहा-पाच गावरान कोंबड्याही असतात; परंतु त्यांचा हिशेब बहुधा कोणी ठेवीत नाही. सातबाराच्या उताऱ्यावर ऊस चढतो, विहीर चढते, बांधावरचे झाडसुद्धा चढते. कोंबडी तेथे चढत नाही, आणि म्हणूनच की काय, ती बायकांची बाब समजून घरधनी तिच्याकडे पाहात नाही. प्रस्तुत विषय याच दुर्लक्षामुळे मांडावा लागत आहे.

हल्ली उबवणी केंद्रातून एक दिवसाची पिले आणून ती घरच्या खुडूक कोंबडीखाली सोडण्याची रीत पडत आहे. रीत उत्तम आहे. पुण्याजवळ खडकी येथे शासनाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. यंत्रातील पिलास आई नसते आणि आपल्या खुडूक कोंबडीस पिले नसतात, तेव्हा दोघांची गाठ घालून देण्यात शहाणपणच आहे. विजेच्या दिव्याचा भरवसा नाही. कोंबडीच्या पंखाखालची ऊब भारनियमनात जात नाही. परंतु ही रीत एका ठिकाणी हटकून फसते. पिले घरी आली की कोंबडीच्या अंगावर पिसवा दिसतात, मग धावपळ करून औषध मारावयाचे आणि त्याच रात्री पिले खाली सोडावयाची! आमच्या मते ही घाई पिसवांइतकीच घातक आहे.

मुळात खुडूक कोंबडीवरच कीड का माजते, हे ध्यानी घ्यावे. इतर कोंबड्या दिवसातून मातीत लोळून अंग झाडतात. खुडूक कोंबडी दिवसातून एखादे वेळी दाणापाण्यापुरती उठते व पुन्हा बसते. एकाच जागी ऊब, अंधार आणि हालचाल न करणारे अंग मिळाल्यावर किडीस आणखी काय पाहिजे? ज्यांस आपण सरसकट पिसवा म्हणतो त्यांतही भेद आहेत. उवा अंगावरच राहतात. काही बारीक कीड पिसांच्या मुळाशी, विशेषतः शेपटीखाली, राहून रक्त पिते. तांबडी कीड मात्र दिवसा खुराड्याच्या फटीत दडते व रात्री बाहेर येते. दिवसा कोंबडी तपासून अंग स्वच्छ दिसले म्हणजे ही नाही असे समजू नये. रात्री बसण्याच्या दांड्याच्या खालच्या अंगाने पांढरे फडके फिरवावे. त्यावर रक्ताचे डाग उमटले तर कीड घरात आहे. ही कीड अन्नाशिवाय कित्येक महिने फटीत जिवंत राहते, तेव्हा रिकामे ठेवलेले खुराडे आपोआप शुद्ध होत नाही. मोठी कोंबडी हा रक्तशोष काही दिवस सोसते, फार झाला तर बैठक सोडून उठते. तळहातावर मावणाऱ्या पिलाच्या अंगात रक्त ते किती? ते दोन-चार रात्रींत माना टाकते, आणि घरात मात्र दृष्ट लागल्याची चर्चा होते.

आता उपायाकडे वळू. केवळ कोंबडीस औषध लावून खुराडे तसेच ठेवणे म्हणजे गळक्या पोहऱ्याने पाणी शेंदणे होय. जुना भुसा व पाचट जाळावे, फटींत उकळते पाणी ओतावे, वाळल्यावर चुना द्यावा. पुष्कळ किडींची अंडी पहिल्या औषधाने मरत नाहीत, म्हणून आठ-दहा दिवसांनी दुसरी मात्रा लागतेच. औषध कोणते व किती, हे पशुवैद्यकीय दवाखान्यात अथवा शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारावे. उसावर वा भाजीपाल्यावर फवारावयाचे औषध उरले आहे म्हणून कोंबडीवर मारणे हा निव्वळ अविचार आहे. पिले आईच्या छातीशी उघड्या कातडीला चिकटून बसतात व तिची पिसे टोचतात. जे विष तिच्या अंगावर, ते प्रथम त्यांच्या अंगी जाते. कोंबडीस पाण्यात बुचकळणेही टाळावे. खुडूक मोडावयासाठी आपल्याकडे हाच उपाय करतात, हे विसरून कसे चालेल?

तर मग पिले कधी सोडावी? याचे उत्तर कोंबडीनेच देऊन ठेविले आहे. तिची बैठक एकवीस दिवसांची. ती खुडूक बसल्याचे नक्की होताच पहिल्या एक-दोन दिवसांत, तेही रात्री, तिला औषध लावून स्वच्छ केलेल्या त्याच जागी बसवावे आणि तिच्याखाली लाकडाची खोटी अंडी ठेवावी. दहाव्या दिवसाच्या सुमारास दुसरी मात्रा द्यावी. यापुढे दहा-अकरा दिवस मोकळे मिळतात, त्यांत औषधाचा अंश ओसरतो. म्हणजे पिले आणण्याची तारीख उबवणी केंद्राच्या सवडीवरून न धरता कोंबडी बसल्या दिवसापासून मोजावी. वेळ मुळीच फुकट जात नाही. खरी अंडी बसवावयाची असतील तर ही सर्व शुद्धी अंडी ठेवण्यापूर्वीच उरकावी, कारण अंड्याच्या कवचातून औषध आत शिरू शकते. कोंबडीच्या डालग्याशेजारी गोवरीची चाळलेली राख व कोरडी माती पाटीत ठेवावी; उठेल तेव्हा ती स्वतः लोळून घेईल.

पिले एक-दोन दिवसांचीच असावी आणि अंधार पडल्यावरच सोडावी. दिवा न लावता एक खोटे अंडे काढावे व त्या जागी एक पिलू सरकवावे. कोंबडी हलक्या आवाजात कुरकुरली तर ठीक. चोच मारू लागली तर थांबावे. प्रथम दोनच ठेवून थोड्या वेळाने बाकीची द्यावी. साधारण गावरान कोंबडीस दहा-बारा पुरेत. पहाटे उजाडण्यापूर्वी घरातील कोणी तरी जवळ असावे, कारण पिले प्रथम दृष्टीस पडतात तेव्हा काही कोंबड्या टोचतात. अशी निघाली तर पिले तत्काळ उचलून दिव्याखाली न्यावी, आणि हा दिवा आदल्या रात्रीच तयार ठेविलेला असावा.

पिलांचे पैसे बहुतेक घरांत अंड्याच्या विक्रीतून, म्हणजे घरच्या बाईच्या गाठीतून गेलेले असतात. बारा पिले गेली तर तिचे वर्षाचे मीठ-मिरचीचे पैसे गेले. फवारणीचा पंप, चुन्याची पोती व दवाखान्यात जाण्याची मोटारसायकल या तिन्ही गोष्टी मात्र घरधन्याच्या ताब्यात असतात. तेव्हा यंदा कोंबडी खुडूक बसली असे घरात बोलणे निघाले, की खुराड्याच्या फटी त्यानेच पाहाव्या, असा आमचा आग्रह आहे.