दान आणि मान

दान द्यावें हें आपल्या घरांतून मुलांस लहानपणींच शिकविलें जातें. परंतु तें कसें द्यावें, याचा विचार क्वचितच होतो. आमचे तीर्थरूप पुण्यास वार लावून जेवत व शिकत. सात वार, सात घरें. सहा घरचें अन्न साधेंच, पण अगत्याचें. सातव्या घरीं पक्वान्न असे; मात्र पान वाढण्यापूर्वीं गुण किती मिळाले, उपकाराची जाणीव आहे ना, अशी उलटतपासणी होई. ‘त्या दिवशीं पोट भरे, पण अन्न अंगीं लागत नसे,’ असें ते अखेरपर्यंत सांगत. अमेरिकेंतील एका लढ्याची, व पुढें तशा लढ्यांस मिळालेल्या द्रव्याची हकीकत वाचतांना आम्हांस त्या सातव्या घराचें स्मरण झालें.

१९७८ सालीं उत्तर कॅरोलायना संस्थानांत कांहीं लोभी लोकांनीं पीसीबी नामक विष मिसळलेलें टाकाऊ तेल दोनशेंहून अधिक मैल रस्त्यांच्या कडेस चोरून ओतलें. ती दूषित माती पुरण्यासाठीं सरकारनें वॉरेन जिल्ह्यांतील एक जागा निवडली. तेथील वस्ती बहुतांशीं कृष्णवर्णीयांची व गरिबांची. पिण्याचें पाणी विहिरींचें. १९८२ च्या सप्टेंबरांत मातीच्या मालमोटारी येऊं लागतांच तेथील स्त्री-पुरुष रस्त्यावर आडवे झाले. पांचशेंहून अधिक लोकांस अटक झाली. तरीही माती तेथेंच पुरली गेली. आणि ती निर्विष करण्याचें काम पुरें होण्यास पुढें वीस वर्षांहून अधिक काळ लागला.

मात्र त्या पराभवांतून एक प्रश्न देशभर उभा राहिला: विषाच्या वाट्यास नेहमीं याच लोकांचें अंगण कां यावें? १९८७ सालीं युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट या धर्मसंस्थेनें चौकशी करून दाखविलें कीं, घातक कचऱ्याचीं केंद्रें कोठें असतील हें गरिबीपेक्षांही वर्णावरून अधिक अचूक सांगतां येतें.

अशा लोकांस द्रव्य कशाला हवें, असें कोणी विचारील. पाणी तपासावयाचें तर प्रयोगशाळेचें शुल्क, न्यायालयांत जावयाचें तर वकील. आणि मजूर सभेस आला तर त्याची त्या दिवसाची रोजी बुडते. ज्यांचें सर्वस्व पणास लागलेलें असतें, त्यांच्यापाशींच नेमका पैसा नसतो.

१९९४ सालीं राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनीं पर्यावरणविषयक न्यायाचा हुकूम काढला, व त्याच सुमारास लहान संघांस सरकारी अनुदानें मिळूं लागलीं. २०२२ च्या कायद्यानें तर या कामीं सुमारें ३०० कोटी डॉलर मंजूर झाले. परंतु अर्ज इतके लांबलचक कीं, ते लिहिण्यासाठींच पगारी माणूस हवा. पुष्कळदां पद्धत अशी कीं, आधीं पदरचा खर्च करावा व मागाहून परतफेड मागावी. ज्याच्या पदरीं कांहींच नाहीं, त्यानें काय करावें? ही अडचण ओळखून ११ मध्यस्थ संस्था नेमून, त्यांच्या हातून सोप्या अर्जावर लहान रकमा वांटण्याची योजना झाली. योजना शहाणपणाची होती. परंतु २०२५ सालीं शासन पालटलें. १९९४ चा हुकूम रद्द झाला, मंजूर झालेलीं अनेक अनुदानेंही रद्द झालीं, आणि कित्येकांस न्यायालयाची पायरी चढावी लागली.

भगवद्गीतेंत दानाचे सात्त्विक, राजस व तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत. फळावर डोळा ठेवून दिलेलें तें राजस. अवज्ञेनें दिलेलें तें तामस. हिशेब मागणें म्हणजे अवज्ञा, असें आम्ही म्हणत नाहीं. शाळेच्या गरीब विद्यार्थी फंडाचा हिशेब आम्हीं वर्षानुवर्षें पैपैचा ठेवला आहे. परंतु हिशेबाचें ओझें देणगीच्या मानानें असावें. आपल्या गांवची विहीर कोणत्या विषानें नासली हें जो जाणतो, त्याची दूरच्या कचेरींतील कारकुनानें किती परीक्षा घ्यावी?

दुसरें असें कीं, आमच्या वडिलांचें शिक्षण एका श्रीमंत घरानें झालें नाहीं. सात साध्या घरांनीं झालें. एक दार बंद झालें तर एक दिवस उपास पडे, शिक्षण थांबत नसे. सातही वार एकाच घरीं असते तर? म्हणून सरकारनें द्यावें, धनिकांनीं द्यावें, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनींही चार पैशांची वर्गणी द्यावी. थोडी, पण दरसाल.

‘अमेरिकेंतील गोष्टीशीं आपणांस काय करावयाचें?’ असें आमचे कांहीं वाचक म्हणतील. त्यांस एवढीच विनंती कीं, आपल्या घरचा केर रोज गाडींत पडल्यावर पुढें कोणाच्या वस्तीशेजारीं जातो, याची एकदां चौकशी करावी. त्या वस्तींतील कोणी उद्यां पाण्याच्या तपासणीसाठीं वर्गणी मागावयास आपल्या दारीं आला, तर त्यास आधीं बसावयास पाट द्यावा. विचारावयाचें तें मागाहून विचारावें.