कचऱ्याचा हात

आशुतोष गोवारीकरांचा ‘लगान’ (२००१) हा समतेचा चित्रपट आहे, असे आमचे दादरकर विद्वान मित्र दोन दशकांहून अधिक काळ सांगत आले आहेत. आम्हांस ते मान्य नाही. चेंडू वळवायला शिकण्यासाठी शिवाजी पार्कच्या नेटमध्ये पोरे वर्षानुवर्षे घाम गाळतात, हे या मंडळींना ठाऊक आहे. तरीही कचरा या अस्पृश्य गोलंदाजाची फिरकी निव्वळ त्याच्या अधू हाताची करामत असावी, हे त्यांना खटकत नाही! तो चेंडू परत फेकतो, चेंडू आपोआप वळतो, भुवन ते हेरतो. म्हणजे गुण व्यंगाचा आणि दृष्टी नायकाची. कचऱ्याने स्वतः कमावले काय?

चित्रपटाची कथा १८९३ची. त्याच दशकात पुण्यात बाळू पालवणकर हा चर्मकार तरुण गोऱ्या फलंदाजांना नेटमध्ये तासन्‌तास चेंडू टाकून आपली डावखुरी फिरकी घडवीत होता. पुढे १९११च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले. चहा मात्र त्यांना वेगळ्या मातीच्या भांड्यातून मिळे. हिंदू संघाचे कर्णधारपदही त्यांना मिळाले नाही. १९२३मध्ये ते धाकटे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले. भुवनच्या एका भाषणाने जे मिटते, ते इथे भावांच्या कारकिर्दी खर्ची पडल्यावर थोडेसे हलले.

जून २०२३मध्ये झोमॅटोने पर्यावरणदिनाच्या जाहिरातीत कचऱ्याची भूमिका करणाऱ्या नटालाच दिवा, कागद अशा पुनर्वापराच्या वस्तू बनवले. अनुसूचित जाती आयोगाची नोटीस आली, जाहिरात मागे घेतली गेली. आमच्या मित्रांनीही निषेध नोंदवला. पण माणसाचे नाव कचरा ठेवून त्यावर टाळ्या कोणी घेतल्या होत्या, आणि कोणी दिल्या होत्या?