झिरो झिरो

डाव बरोबरीत सुटला. समोरच्या काकांशी हात मिळवला, दोघांनी स्कोअरशीटवर अर्धा-अर्धा गुण लिहिला. तेवढ्यात क्लबातल्या एका पोरानं डाव मोबाइलवरच्या इंजिनात घालून निकालही दिला, "चाळिसाव्या खेळीपासून झिरो झिरो. काहीच झालं नाही."

काहीच झालं नाही?

काकांकडे हत्ती आणि राजासमोरचं प्यादं, माझ्याकडे नुसता हत्ती. माझा राजा प्याद्याच्या वाटेत. हत्ती माझ्या बाजूनं तिसऱ्या आडव्या ओळीत, म्हणजे त्यांच्या राजाला पुढे येता येत नाही. प्यादं त्या ओळीत आलं, की हत्ती पटाच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा आणि मागून शह देत राहायचं. आता राजाला प्याद्याचा आडोसा उरत नाही. फिलिडोरनं अठराव्या शतकात दाखवलेला हा बचाव मला पाठ होता. पण घड्याळात दोन मिनिटं उरलेली असताना पाठ असलेलं हातून घडेलच असं नसतं. तोच हत्ती घाबरून राजाशेजारी बसवला असता, तर डाव गेलाच होता.

इंजिनच्या शून्याचा अर्थ एवढाच, की दोघे अचूक खेळले तर बरोबरी. आपण क्लबातले खेळाडू त्या 'तर'मध्येच तर राहतो!

मी सॉफ्टवेअरवाला आहे, इंजिनशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते त्यालाच आधी विचारण्याच्या सवयीशी. काकांनी चौतिसाव्या खेळीला वजिरांची मारामारी केली, तिथे इंजिननं लाल खूण केली: जिंकणारी खेळी चुकली. का केली, ते मी काकांना विचारलं. म्हणाले, "तुझा घोडा आत घुसेल अशी धास्ती वाटली रे." ती खेळी मला दिसलीच नव्हती! त्या डावातलं सगळ्यात मोलाचं मला या उत्तरात मिळालं, आणि ते कुठल्याच इंजिनकडे नव्हतं.

बाराव्या खेळीला बरोबरी करून चहाला पळणाऱ्यांची बाजू मी घेत नाही. 2005 साली सोफियाच्या स्पर्धेत खेळाडूंनी आपापसात बरोबरी ठरवण्यावर बंदी आली, ती योग्यच होती. पण त्यांचा अर्धा आणि आमचा अर्धा कागदावर सारखाच दिसतो, म्हणून तर डाव बघावा लागतो, त्यावर बोलावं लागतं.

तेव्हा पोरांनो, मोबाइल नंतर काढा. आधी मोहरी पुन्हा मांडा आणि समोरच्याला विचारा, "इथे तुम्हाला काय वाटलं होतं?"