माजी सैनिकाचा कॅन्सर कोणाच्या वहीत?

माजी सैनिकांच्या कॅन्सरची माहिती राज्यांच्या रजिस्ट्रीला द्यायची का, यावरून अमेरिकेत मोठा वाद झाला. एका बाजूला प्रायव्हसी, दुसऱ्या बाजूला पब्लिक हेल्थ. पण या दोन्हींतलं एकच निवडावं लागतं का?

एक साधं गणित करू. एका जिल्ह्यात एक लाख पुरुष आहेत. त्यातल्या ५०० जणांना यंदा कॅन्सर झाला. त्यातले ४० जण माजी सैनिक, त्यांच्यावर सैनिकांच्या सरकारी हॉस्पिटलमध्ये उपचार सुरू आहेत. आता त्या हॉस्पिटलनं आपली यादी राज्याला पाठवणं थांबवलं. लोकसंख्या मोजताना हे ४० जण धरले जाणारच, कारण ते त्याच जिल्ह्यात राहतात. पेशंट मोजताना मात्र ते गायब. म्हणजे छेद तोच राहिला, अंश तेवढा घटला. कागदावर कॅन्सर आठ टक्क्यांनी कमी! कुणी सिगारेट सोडली नाही, कारखान्याचं सांडपाणी थांबलं नाही, नवं औषधही आलं नाही. तरी आलेख खाली.

हे आकडे समजावण्यापुरते घेतलेत. पण असा प्रकार अमेरिकेत खरोखर घडला.

वही कशासाठी?

कॅन्सर रजिस्ट्री म्हणजे एका ठरावीक भागातल्या प्रत्येक नव्या कॅन्सर पेशंटची नोंद ठेवणारी वही. आपल्याला ही गोष्ट नवी नाही. भारतातली पहिली लोकसंख्येवर आधारित रजिस्ट्री १९६३मध्ये मुंबईत, इंडियन कॅन्सर सोसायटीनं सुरू केली. देशातली पहिली ग्रामीण रजिस्ट्री १९८७ची, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीची. कुठला कॅन्सर कुठे वाढतोय, तपासणी शिबिरं कुठे घ्यायची, रेडिएशनची मशीन कुठे बसवायची, हे अशा वह्यांवरून ठरतं. वहीतली पानं गहाळ झाली तर हे सगळे निर्णय चुकू शकतात.

अमेरिकेत अशी वही प्रत्येक राज्याची वेगळी असते. १९९२च्या केंद्रीय कायद्यानं या रजिस्ट्रींना सीडीसी या आरोग्य संस्थेमार्फत पैसा आणि समान नियम दिले. नवा कॅन्सर पेशंट आढळला की हॉस्पिटलनं राज्याला कळवायचं, असे राज्यांचे कायदे आहेत. मात्र माजी सैनिकांची हॉस्पिटलं चालवतं डिपार्टमेंट ऑफ व्हेटरन्स अफेअर्स, थोडक्यात व्हीए. हे खातं केंद्र सरकारचं. राज्याचा नोंदणी कायदा त्याला बांधील नाही. आधी व्हीएची अनेक हॉस्पिटलं राज्यांना माहिती देत होती, पण ती सहकार्य म्हणून. सक्ती नव्हती.

हा पेशंटचा गट किरकोळ नाही. २०१०मध्ये व्हीएच्या यंत्रणेत सुमारे ४६ हजार नव्या कॅन्सरची नोंद झाली. देशातल्या एकूण नव्या कॅन्सरच्या हे साधारण तीन टक्के. तीन टक्के म्हणजे फार नाही, असं वाटेल. पण या पेशंटमध्ये सुमारे ९७ टक्के पुरुष होते. त्यामुळे यादी थांबली की महिलांचे आकडे जवळजवळ जागेवर राहतात आणि पुरुषांचे, त्यातही वयस्कर पुरुषांचे, घसरतात. प्रोस्टेट आणि फुप्फुसाचे कॅन्सर व्हीएमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्यांपैकी. नेमके तेच वहीतून निसटतात.

चोरी झाली आणि दार बंद झालं

मे २००६मध्ये व्हीएचा एक कर्मचारी परवानगी न घेता ऑफिसचा डेटा घरी घेऊन गेला. घरात चोरी झाली. लॅपटॉप आणि हार्ड डिस्क गेली. तिच्यात सुमारे २ कोटी ६५ लाख लोकांची माहिती होती, नाव, जन्मतारीख, सोशल सिक्युरिटी नंबर वगैरे. महिना-दोन महिन्यांत उपकरणं सापडली आणि डेटा कुणी उघडल्याच्या खुणा नाहीत, असं एफबीआयनं सांगितलं. पण विश्वासाला तडा गेलाच. २००९मध्ये हा खटला मिटवताना सरकारनं दोन कोटी डॉलर देण्याचं मान्य केलं.

या धक्क्यानंतर, २००७मध्ये, व्हीएनं नवं धोरण आणलं. माहिती हवी असेल तर राज्यानं आधी करार करायचा, सुरक्षेच्या अटी पाळायच्या आणि ती माहिती पुढे कोण, कशासाठी वापरणार यावर बंधनं स्वीकारायची. रजिस्ट्रीचं म्हणणं असं, की प्रत्येक संशोधनासाठी एका वेगळ्या खात्याची परवानगी मागत बसलो तर काम कधी करणार? कॅलिफोर्नियासारख्या मोठ्या राज्यातला हा वाद तेव्हा राष्ट्रीय बातम्यांत गाजला. पुढच्या काळात राज्याराज्यांचे करार होत गेले. पण मधल्या वर्षांचे आकडे वाचताना आजही विचारावं लागतं, यात माजी सैनिक धरलेत का?

व्हीएला नुसतं खलनायक ठरवून चालणार नाही. घर एकदा फुटलं की माणूस कुलूप बदलतोच. शिवाय तक्रार करायला माजी सैनिकांकडे कारणं होती. आपली माहिती आपल्याला न विचारता कुठे फिरते, हा प्रश्न त्यांनी विचारायलाच हवा.

पाणी एक, वह्या दोन

तरीही कुलूप लावल्यानं नुकसान कोणाचं होतं, ते पाहा. नॉर्थ कॅरोलायनामधला कॅम्प लेजून हा मरीन सैनिकांचा तळ. १९५३ ते १९८७ या काळात तिथल्या पिण्याच्या पाण्यात विषारी द्रावणं मिसळलेली होती. काही तळावरच्या गळतीतून आलेली, काही बाहेरच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानातून झिरपलेली. ते पाणी सैनिक प्यायले, त्यांच्या बायका-मुलंही प्यायली आणि तळावर काम करणारे नागरी कर्मचारीही.

सैनिक तीन-चार वर्षांनी बदलून जातो, निवृत्त होऊन तिसऱ्याच राज्यात घर करतो. कॅन्सर पंचवीस-तीस वर्षांनी दिसतो. नवरा व्हीएच्या हॉस्पिटलात जातो, बायको गावातल्या खासगी हॉस्पिटलात. दोघांनी एकाच नळाचं पाणी प्यायलं, पण तिची नोंद राज्याच्या वहीत आणि त्याची केंद्राच्या. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्याशिवाय नळापर्यंत माग काढणार कसा?

शेवटी तसंच करावं लागलं. २०२४च्या सुरुवातीला अमेरिकी सरकारच्या एटीएसडीआर या संस्थेनं मोठा अभ्यास जाहीर केला. देशभरच्या राज्य रजिस्ट्री आणि केंद्राच्या लष्करी रजिस्ट्री यांच्या नोंदी एकत्र जुळवल्या. १९७५ ते १९८५ दरम्यान लेजूनला असलेल्या सैनिकांची तुलना कॅलिफोर्नियातल्या कॅम्प पेंडलटनच्या सैनिकांशी केली. रक्ताचे काही कॅन्सर, फुप्फुस, अन्ननलिका, थायरॉइड अशा अनेक कॅन्सरचा धोका लेजूनवाल्यांमध्ये किमान २० टक्के जास्त आढळला. वह्या वेगळ्याच ठेवल्या असत्या तर हे चित्र असं एकत्र दिसलंच नसतं.

उलट उदाहरणही आहे. पेंटॅगॉनचा २०२३चा अभ्यास. १९९२ ते २०१७ या काळात सेवेत असलेल्या सुमारे नऊ लाख वैमानिक, विमानातले कर्मचारी आणि जमिनीवरचे तंत्रज्ञ यांची पाहणी झाली. विमानात काम करणाऱ्यांमध्ये मेलानोमा हा त्वचेचा कॅन्सर सर्वसामान्य लोकांपेक्षा ८७ टक्के जास्त निघाला, एकूण कॅन्सर २४ टक्के. आकडे मोठेच आहेत. पण खरे आकडे याहूनही जास्त असावेत, हे त्या अहवालातच मान्य केलंय. कारण व्हीएचा आणि राज्य रजिस्ट्रींचा डेटा त्यात नव्हता. गणवेश उतरवल्यावर जे आजारी पडले ते सुटले. कॅन्सर तर बहुतेक वेळा उतारवयातच गाठतो!

तिजोरी आणि वही एकाच हाती

आणखी एक मुद्दा आहे, त्यावर फारसं बोललं जात नाही. नोकरीमुळे आजार झाला म्हणून माजी सैनिक भरपाई मागतो, तेव्हा दावा मान्य करायचा की नाही हे व्हीएच ठरवतं. म्हणजे तिजोरी त्याच्याकडे आणि वहीसुद्धा. हेतू कितीही चांगला असो, ही जोडी धोक्याची.

व्हिएतनाम युद्धात १९६२ ते १९७१ दरम्यान जंगलांवर तणनाशकं फवारली गेली. त्यातलं एजंट ऑरेंज सगळ्यात कुप्रसिद्ध. अमेरिकी सैनिकांचे त्यासंबंधीचे आजार 'सेवेमुळेच झाले' असं गृहीत धरण्याचा कायदा आला १९९१मध्ये. इराक आणि अफगाणिस्तानात कचरा उघड्यावर जाळायचे. त्या धुराच्या बाबतीत असा व्यापक कायदा, पॅक्ट अॅक्ट, २०२२मध्ये झाला. दोन्ही वेळा सैनिकांना वर्षानुवर्षं एकच ऐकावं लागलं, पुरावा कुठाय? आपल्यासारखे किती जण आजारी आहेत, हे एकट्या माणसाला सिद्ध करता येत नाही. ते आकडेच बोलतात. बाहेरच्या, स्वतंत्र रजिस्ट्रीत असलेली नोंद म्हणूनच सैनिकाची साक्षीदार असते.

मग प्रायव्हसीचं काय?

'नाव काढून टाका आणि डेटा द्या', असं सोपं उत्तर आपण पटकन देतो. इथे ते चालत नाही. एकाच पेशंटची बायोप्सी खासगी लॅबमध्ये आणि केमो व्हीएमध्ये होते. नाव, जन्मतारीख नसेल तर एक माणूस दोनदा मोजला जाईल. रजिस्ट्रीला नाव लागतंच. पण रजिस्ट्रीपर्यंत नाव जाणं आणि नाव जगजाहीर होणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. अमेरिकेचा आरोग्य-प्रायव्हसीचा कायदाही सार्वजनिक आरोग्य यंत्रणेला अशी माहिती द्यायला परवानगी देतो. आणि जाहीर आकडेवारीत एखाद्या गटात १६पेक्षा कमी पेशंट असतील तर सीडीसी तो आकडा झाकतं, म्हणजे छोट्या गावात कुणावर बोट ठेवता येत नाही.

त्यामुळे द्यायचं की नाही यावर भांडण्याऐवजी कसं द्यायचं यावर भांडायला हवं. प्रत्येक राज्याशी वेगळी घासाघीस नको, सगळ्यांना एकच नियम हवा. माहिती घरच्या लॅपटॉपवर नेता येणार नाही, अशी व्यवस्था हवी. नोंद कुणी, कधी, कशासाठी उघडली याची नोंद हवी. विमा कंपनी, नोकरी देणारी कंपनी किंवा भरपाई नाकारू पाहणारं खातं, यांच्यापर्यंत ती पोचू नये अशी कायद्याची भिंत हवी. आणि सैनिकाला साध्या भाषेत सांगायला हवं, तुमची नोंद इथे जाते, या कामासाठी जाते. २००६मध्ये डेटा फुटला तो रजिस्ट्रीला दिल्यामुळे नाही, निष्काळजीपणामुळे. शिक्षा मात्र मोजणीला झाली.

आपल्याकडे २०२३मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. संशोधन आणि आकडेवारीसाठी त्यात अटींसह सवलत आहे. तुमच्यातले काही जण पुढे डॉक्टर होतील, काही डेटा अॅनालिस्ट, काही वकील. कुठल्या तरी ऑफिसात ही फाइल तुमच्या टेबलावर येईल. आरोग्याचा कुठलाही आलेख खाली आलेला दिसला की टाळ्या वाजवण्याआधी छेद आणि अंश दोन्ही तपासा. आजार कमी झालाय, की आजारी माणसं मोजायची राहिलीत?