गॅमा-स्फोट आणि ठाकुर्लीचा कामगार

गॅमा किरण वातावरणातच शोषले जातात. त्यांचे स्फोट थेट टिपण्यास उपकरण अवकाशातच धाडावे लागते. १९६७ साली ते प्रथम नोंदले अणुचाचण्यांवर पाळत ठेवणाऱ्या अमेरिकी ‘वेला’ उपग्रहांनी. जगाला कळले १९७३ मध्ये! २०१५ साली ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’वरून गेलेले भारतीय उपकरण मात्र युद्धखात्याचे नव्हे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने ते घडले, पुण्याच्या ‘आयुका’चाही त्यात वाटा, शेकडो स्फोट त्याने टिपले. भुकेल्या देशाला हे चोचले कशाला, असा सवाल काही मंडळी करतात. ठाकुर्लीच्या वीजघरात राबून ज्यांनी रेल्वेला वीज पुरविली, त्यांच्या नातवंडांना आकाश परके का असावे? पैसा जनतेचा आहे. तेव्हा या संशोधनाचा वृत्तान्त इंग्रजी निबंधांत अडकून न राहता मराठीत, महापालिकेच्या शाळांपर्यंत शासनाने पोहोचविलाच पाहिजे.