रूपांतर की पाठांतर?

नाशिकचा विद्यार्थी पांडवलेणी पाहतो, ब्रह्मगिरी चढतो. परंतु त्याच्या पायाखाली सर्वत्र सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा बेसाल्टच असतो. प्रचंड उष्णता व दाब यांमुळे, न वितळताच, चुनखडीचा संगमरवर होतो आणि शेलपासून आजोबांच्या पाटीचा दगड बनतो, हे तो केवळ पाठ करतो. रूपांतरित खडकाचा कडा त्याला येथे दिसत नाही.

ही उणीव केवळ परीक्षेपुरती नाही. नागपूर-भंडारा पट्ट्यातील मँगनीजसंपत्ती अशाच रूपांतरित खडकांत दडलेली आहे. फर्मर यांनी १९०९ साली तेथील एका मँगनीजयुक्त खडकाला गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले. आपल्याच राज्याची ही संपत्ती कशी घडली, हे पदवीधराला उमगू नये काय?

प्रयोगशाळेतील नमुने पुरेसे आहेत, असे कोणी म्हणेल. पण खडकाला पडलेल्या घड्या व थरांची दिशा नमुन्यांच्या पेटीत मावत नाहीत. म्हणून विदर्भाच्या अभ्याससहलीची तरतूद महाविद्यालयांनी अंदाजपत्रकातच करावी. सहलीचा सारा भार विद्यार्थ्यांवर टाकल्यास गरीब मुलाच्या वाट्याला पाठांतरच उरेल.